फोटो साफ आहे

मी शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीच्या पोरांना रक्ताभिसरणाचा तक्ता लावून लाल शिरा कुठल्या आणि निळ्या कुठल्या ते सांगतो, आणि एखाद्यानं चुकीचं उत्तर दिलं तर त्याला बाकावर उभा करतो. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं मी जे केलं ते अडाणीपणानं केलं, अशी पळवाट मला राहायला नको.

माझे वडील गुंडू गुळव्या. आम्हाला आडनाव होतं, पण ते माझ्या शाळेच्या दाखल्यावर. पंचगंगेच्या पलीकडं जेवढी गुऱ्हाळं लागत तेवढ्यांत गुंडूतात्या म्हटलं की पुरे. उसाचा रस काहिलीत उकळायला कुणीही ठेवील. ती भलीमोठी कढई चुलवाणावरनं नेमकी कधी उतरवायची हे ज्याला कळतं तो गुळव्या. थोडी आधी उतरवली तर गूळ बसत नाही, चिकट राहतो. थोडा उशीर झाला तर करपतो आणि शाहूपुरीच्या बाजारात त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. त्याला घड्याळ नाही की माप नाही. आबा काहिलीजवळ उभे राहायचे, फेस कसा फुटतोय ते बघायचे, उजव्या हाताची बोटं शेजारच्या गार पाण्याच्या बादलीत बुडवायचे आणि त्या ओल्या बोटांनी उकळत्या काहिलीतनं चिमूटभर पाक उचलायचे. बोटं पुन्हा पाण्यात. मग पाकाची गोळी वळून पत्र्यावर फेकायचे. टण्ण आवाज आला की मान वर करून ओरडायचे, "उतरा!"

त्या शब्दाशिवाय काहील उतरत नाही. मालक असो नाहीतर मालकाचा बाप, गुळव्याच्या आधी कुणी "उतरा" म्हणायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. कुणी म्हटलंच तर गुळव्यानं त्या क्षणी टॉवेल झटकून चालू लागायचं. एकाहत्तर साली एका मालकाच्या जावयाला अशी हौस आली होती. आबा भरल्या काहिलीवरनं उठले, तीन मैल चालत घरी आले आणि आईला म्हणाले, वाढ. मालक जावयाला पुढं घालून घरी आला तेव्हा आबांचा भात चालू होता. त्यांनी भात संपवला, ताक प्याले, मग बोलले.

असा माणूस. त्याचं डोकं म्हणजे आमच्या घराची इस्टेट होती.

पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात आबा परड्यात चक्कर येऊन पडले. मी त्यांना कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत त्र्यंबक डॉक्टरांकडं आणलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला आणि चष्मा काढून ठेवला.

"दोनशे दहावर एकशे वीस. गुंडूराव, डोकं किती वर्षं दुखतंय?"

"डोकं म्हटल्यावर दुखायचंच की डाक्टर. त्यात काय सांगायचं?"

डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली, मीठ बंद सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आबांनी मला विचारलं, "रश्शात बी न्हाय?" मी म्हटलं, रश्शातही नाही. ते म्हणाले, "मग कोल्हापूर सोडा म्हनावं की सरळ." आम्ही दोघंही हसलो. हसण्यावारी नेलं ते तिथंच.

गोळी ही डोकेदुखीवरची, डोकं दुखत नसेल तर कशाला वाया घालवायची, असा आबांचा समज. दुखलं की घ्यायचे, राहिलं की पुडी कोनाड्यात. मी दर रविवारी गावाकडं जायचो आणि विचारायचो, "आबा, गोळ्या घेताय न्हवं?" ते म्हणायचे, "घेतोय की." पुडी उघडून गोळ्या मोजाव्यात एवढे कष्ट विज्ञानाच्या मास्तरनं कधी घेतले नाहीत.

आई मात्र बघत होती. तिचं नाव झुंबरबाई. सही करता येत नाही, पण चुलीपुढं बसून तिला अख्ख्या घराचं दिसतं. दसऱ्याच्या सुमाराला ती मला म्हणाली, "सयाजी, तुझा बा बदाललाय." एका पायात स्वतःची चप्पल आणि एका पायात तिची घालून ते चावडीपर्यंत गेले होते. बारा वर्षांमागं वारलेल्या आमच्या सदाकाकाला जेवायला हाक मार म्हणाले. चालताना पाय उचलत नाहीत, घासत नेतात. आणि रेडिओवर कुठलंसं लग्नाचं गाणं लागलं तेव्हा लेकरासारखे हमसून रडले.

मी म्हटलं, "वय झालं आई."

"एकसष्ट हे वय हाय व्हय?" ती म्हणाली. मी बसची वेळ झाली म्हणून उठलो.

त्या वर्षीही आबा तानाबाईंच्या गुऱ्हाळावर होते. नवरा गेल्यावर तानाबाईंनी ऊस, गुऱ्हाळ, गडी सगळं एकटीनं सांभाळलेलं. बोलणं असं, की नदीच्या अलीकडनं पलीकडं ऐकू जावं. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी मला निरोप धाडला. मी गेलो तर आबा चुलवाणाजवळ होते आणि बाई मला लांब, उसाच्या मोळ्यांच्या आडोशाला घेऊन गेल्या.

"मास्तर, तात्यानं काल एकाच काहिलीत दोनदा चुना टाकला. गूळ काळाठिक्कर. एक काहील गेली तेचं मला काय न्हाय. पर तात्या माझ्या मालकाच्या वक्तापासनं हितं हाय. तेच्या डोक्यात काय झालंय ते डाक्टरास्नी बघू दे. आनि काय असंल ते मला येऊन खरं सांगा. खरं सांगा, एवढंच म्हनतो मी."

आज ते शब्द आठवले की मला कळतं, त्यात काळजीशिवाय काही नव्हतं. त्या दिवशी मला त्यात आबांच्या जागी आणायचा दुसरा गुळव्या ऐकू आला. चोराच्या मनात चांदणं असतं. माझं चांदणं सांगतो. मंगळवार पेठेत माझ्या दोन खोल्या होत्या. त्यांत मी, बायको शालू आणि दोन मुली. आबांचं काम सुटलं तर ते आणि आई गावात कशाच्या जोरावर राहणार? माझ्याकडं यायचे. खाटेवर बसून राहायचे, मेलेल्या भावाला हाका मारायचे, आणि माझ्याकडं शिकवणीला येणारी बड्या घरची पोरं ते बघायची. मला त्याची लाज वाटत होती. शालूला तर मी काही विचारलंही नव्हतं, तीच आपणहून म्हणाली होती, "आणू या की त्यांना. आपल्या मानसाला काय जागा लागती?" मी तिच्यावर खेकसलो, की आधी डॉक्टर काय म्हणतात ते बघू.

त्र्यंबक डॉक्टर म्हणाले, मानेतली मोठी शीर कुठं अडली असेल तर बघायला हवं. मेंदूच्या शिरांचा फोटो काढतात, मुंबईला. त्यांनी चिठ्ठी दिली. मी रजा टाकून आबांना घेऊन गेलो.

मोठं इस्पितळ. आबांना टेबलावर निजवून मान मागं वाकवली, मानेतल्या शिरेत दाभणाएवढी सुई घातली आणि तीतनं औषध सोडून धडाधड फोटो काढले. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. मला काचेतनं दिसत होतं. आबा ओरडले नाहीत. बाहेर आणल्यावर मानेवरची पट्टी चाचपत म्हणाले, "आरं, डोक्यात पाक वतल्यागत झालं बघ. पर बेस लागली व्हती तार." त्या दिवशीही त्यांना पाकाची तार कळली होती. जिभेवर तीच भाषा होती, आणि ती ऐकून मी स्वतःची समजूत घातली, की माणूस शाबूत आहे.

दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. काळा फोटो दिव्यासमोर धरला. मानेतनं एक जाड पांढरी शीर वर चढली होती, तिला फांद्या, फांद्यांना डहाळ्या.

"मोठ्या शिरा साफ आहेत," ते म्हणाले. "कुठंही अडथळा नाही."

मी उठायलाच लागलो होतो.

"बसा. तुम्ही शिक्षक आहात म्हणून सांगतो. या फोटोत फांद्या दिसतात. पानापर्यंत जाणाऱ्या केसासारख्या शिरा यात येतच नाहीत. इतकी वर्षं इतका दाब सोसल्यावर त्या आतून जाड होतात, एकेक करून बंद पडतात. तुमच्या वडिलांचं तेच चाललंय असं मला वाटतं. फोटो चांगला म्हणजे मेंदू चांगला, असं धरून चालू नका. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आणि काम काय करतात ते? गूळ? म्हणजे आगीजवळ? ते बंद. कळलं?"

मी म्हटलं, कळलं.

आणि खरंच कळलं होतं. आठवीच्या पोराला कळलं असतं.

बाहेर बाकावर आबा बसले होते. मांडीवर टॉवेलची घडी, दोन्ही हात तिच्यावर. निकालाला आलेल्या पोरासारखे माझ्या तोंडाकडं बघत होते. "काय म्हनला रं डाक्टर?"

"फोटो साफ आहे."

आबांचे डोळे भरून आले. परतीच्या गाडीत शेजारच्या, समोरच्या, वरच्या फळीवरच्या, सगळ्यांना त्यांनी सांगितलं, "पावणं, डोस्क्याचा फोटू काढून आलोय. साफ निघालं. एक डाग न्हाय." मिरजेत गाडी थांबली तेव्हा चहावाल्याला सांगितलं. तेव्हा मी त्यांना थांबवलं असतं तर त्यांचा आनंद मोडला असता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते निम्मं खरं आहे. बापाशी एक वेळ खोटं बोलावं. तानाबाईंनी तर खरं मागितलं होतं.

मी गुऱ्हाळावर जाऊन तो फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडं धरला, उलटा, मग सुलटा.

"ह्यात तात्याचं डोकं हाय?"

"व्हय. सगळ्या शिरा साफ आहेत."

"आनि डाक्टर दुसरं काय म्हनला?"

"दुसरं काही नाही. गोळ्या चालू ठेवायच्या."

 बाईंनी चुलवाणाकडं बघितलं. तिथं गणूकाका चिपाडं सारत बसले होते. गणूकाका म्हणजे आबांचे जाळवाले, चुलीत जाळ घालणारे. वीस वर्षं आबा काहिलीच्या वर आणि गणूकाका खाली, भोकापुढं. मी लहान असताना त्यांच्या खांद्यावर बसून जत्रेला गेलोय.

"बरं," तानाबाई म्हणाल्या. "तुमी शिकल्यालं. तुमी म्हनताय म्हंजे खरं."

आबांनी तो फोटो सुतळीनं गुऱ्हाळाच्या मेढीला, मधल्या खांबाला, बांधला. उसाची गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते आपलं डोकं दाखवायचे.

नाताळची सुट्टी लागली आणि मी मुद्दाम दोन दिवस गुऱ्हाळावर राहायला गेलो. मला बघायचं होतं. खोटं पचतंय का ते बघायचं होतं, असं म्हणा. पहिली काहील उतरली तेव्हा माझं लक्ष नव्हतं. दुसरीला मी नीट बघत होतो. फेस चढला, बसला, पिवळा झाला, मोठे बुडबुडे यायला लागले. आबा उभे. नजर काहिलीत, पण तिथं नसल्यासारखी. खालनं गणूकाका खोकले, एकदाच, घसा साफ करावा तसे. आबा जागे झाल्यागत हलले. बोटं बादलीत, बोटं काहिलीत, गोळी पत्र्यावर. "उतरा!" सहा गडी कड्यांत बांबू घालून तयारच होते.

तिसऱ्या काहिलीला पुन्हा तेच. खोकला आधी, शब्द मागनं. रस निवळायला चुना टाकतात, त्या वेळी तर गणूकाकांनी वर येऊन भांडं आबांच्या हातात दिलं आणि टाकून झाल्यावर काढूनही घेतलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती कशाची होती ते आता सांगतो. फोटो साफ आहे हे माझं खोटं. आणि हा माणूस दर दोन तासांनी खोकून सगळ्या गुऱ्हाळाला सांगत होता, की मास्तर खोटं बोलतोय. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं.

"गणपतराव," मी म्हटलं. आमच्याकडं जवळच्या माणसाला तोडायचं असलं की राव लावतात. त्यांना ते लागलं. हातातली भाकरी त्यांनी खाली ठेवली. "ते खोकणं बंद करा."

"मी काय वाईट करतोय मास्तर? शब्द तात्याचाच हाय की. मी आपला नुस्ता खोकतोय."

"फोटो साफ आलाय. त्यांना तुमच्या खोकल्याची गरज नाही. उद्या लोक म्हणतील, गुंडू गुळव्या दुसऱ्याच्या खोकल्यावर चालतो."

"लोक न्हाय म्हनत," गणूकाका म्हणाले. "दोन म्हैनं झालं, कोन बी न्हाय म्हनलं. तुमीच पयल्यांदा म्हनताय."

मग मी दुसरं खोटं बोललो. म्हटलं, "आबांनीच सांगितलंय. उद्यापासनं तुम्ही चरकाकडं जा. जाळाला दुसरा माणूस बसेल."

ऊस पिळायचा चरक होता गुऱ्हाळाच्या पार दुसऱ्या टोकाला, इंजिनाला जोडलेला. त्याच्या धडधडीत खोकलाच काय, माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही. गणूकाकांनी आबांकडं बघितलं. आबा मेढीजवळ एका गाडीवानाला आपला फोटो दाखवत होते. "तात्यानं सांगितलं म्हनताय तर जातो," गणूकाका म्हणाले आणि राहिलेली भाकरी फडक्यात बांधायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली काहील कशीबशी पार पडली. नवा जाळवाला ओली चिपाडं जाळत असावा, धूर झाला, आबा खोकले, आणि त्या स्वतःच्याच खोकल्यावर त्यांनी बोटं बुडवली. गूळ थोडा सैल बसला. मी मनात म्हटलं, बघा, जमतंय.

दुसरी काहील साडेदहाच्या सुमाराला पिकायला आली. फेस बसला. मोठे बुडबुडे आले. वास गोड होता तो हळूहळू कडवट व्हायला लागला. सहा गडी बांबू धरून उभे. एकानं दुसऱ्याकडं बघितलं. तानाबाई गुळाच्या साच्यांत ओलं फडकं अंथरत होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. सगळ्यांना कळत होतं. ते सहाही गडी जन्मभर गूळ खाल्लेले, गुळात वाढलेले. बाईंना कळत होतं. मला, विज्ञानाच्या मास्तरला, नुसत्या वासावरनं कळत होतं. पण गुळव्याच्या आधी कुणी बोलायचं नाही. आणि बोलणार तरी कसं? त्याच्या डोक्याचा साफ फोटो मेढीला बांधलेला, आणि तो आणणारा शिकलेला मुलगा शेजारी उभा.

मी ओरडू शकलो असतो. एक शब्द होता. मी ओरडलो नाही. माझ्या तोंडून तो शब्द निघाला असता तर मी खोटं बोललो हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं.

आबा खाली चुलवाणाच्या भोकाकडं बघत होते. तिथं नवा माणूस बसला होता. आबांनी त्याच्याकडं बघितलं, इकडं बघितलं, पुन्हा त्या जागी बघितलं. कुणीतरी हाक मारील म्हणून दाराशी थांबावं तसे थांबले. काहिलीच्या कडेनं काळा धूर निघाला. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते वाकले. उजवा हात पुढं केला. बादली शेजारीच होती, भरलेली. हात बादलीकडं गेलाच नाही. सरळ काहिलीत गेला, मनगटापर्यंत.

ते ओरडले नाहीत, यावर पुढं कुणाचा विश्वास बसत नसे. त्यांनी हात वर काढला, त्यावर पाक चिकटलेला, खाली ठिबकत होता. तो हात त्यांनी पत्र्याकडं नेला आणि गोळी फेकल्यासारखा झटकला. मग माझ्याकडं वळले. तक्रार करावी तसं म्हणाले,

"गणपा खोकला न्हाय."

"उतरा!" तानाबाई किंचाळल्या. "मुडद्यांनो, उतरा!"

एकाहत्तर सालानंतर पहिल्यांदा गुंडू गुळव्यासमोर दुसऱ्या कुणी तो शब्द उच्चारला. आबा टॉवेल झटकून उठून गेले नाहीत. त्यांना काही झालं असं वाटलंच नाही.

कोल्हापुरात आणलं तोवर कातडी सुटली होती. दोन बोटं काढावी लागली, उरलेली आत वळली. तानाबाई तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आल्या. हातात शहाळी. आबांच्या उशाशी ठेवली आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. आवाज पहिल्यांदाच एवढा हळू होता.

"तो खोकला आमास्नी बी ऐकू येत हुता मास्तर. मलाच का, सगळ्या गड्यास्नी. म्हनून तर म्या तुमाला म्हनलं, खरं सांगा. तुमी आलासा आनि म्हनलासा, तात्या ठीक हाय. खरं सांगितलं असतंसा तर काय मी तेला हाकलून देनार हुतो? खाटलं टाकून बशिवला असता. काम गणपानं केलं असतं आनि नाव तात्याचं. मरस्तवर."

 मी खाली बघत होतो.

"कशापायी बोललासा खोटं?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाटही न बघता पदर खोचला आणि पायऱ्या उतरून गेल्या. त्यांना दोन खोल्यांचं काय सांगणार?

ज्या दोन खोल्यांसाठी हे केलं त्याच दोन खोल्यांत आबांना आणावं लागलं. आईही आली. शालू म्हणाली होती तेच खरं ठरलं, जागा फारशी लागली नाही. आबा खिडकीशी खाटेवर बसतात. गोळी आता आई रोज सकाळी आपल्या हातानं त्यांच्या जिभेवर ठेवते, एक दिवस चुकवत नाही. आग लागल्यावर विहीर खणतात तशातलं ते. गणूकाका दर गुरुवारी येतात, त्यांच्या शेजारी बसतात, तंबाखू मळतात. आबा त्यांना कधी ओळखतात, कधी नाही. माझ्याशी गणूकाका बोलतात, अहो मास्तर म्हणूनच. मी "काका" म्हटलं तरी ते पूर्वीचं "सयाजी" काही त्यांच्या तोंडून येत नाही.

आता मुंबईत म्हणे नवं यंत्र आलंय. मानेत सुई न खुपसता डोक्याचे काप काढल्यासारखं आतलं दाखवतं. त्र्यंबक डॉक्टर मागं म्हणाले, न्यायचं का? मी नको म्हटलं. आत काय आहे ते मला पहिल्याच वेळी सांगितलेलं होतं.

तो जुना फोटो मी कपाटावर ठेवलाय. आठवीला रक्ताभिसरण शिकवायला घेतो तेव्हा दरवर्षी वाटतं, वर्गात न्यावा, पोरांना दाखवावा, सांगावं की यात फांद्या दिसतात, पानं दिसत नाहीत. अजून नेलेला नाही.

मला हिवाळ्यात सर्दी होते. सकाळी शालू स्टोव्हवर दूध ठेवते, मी वह्या तपासत असतो आणि खोकला येतो. खिडकीतले आबा मान वर करतात. ती वाकडी मूठ उचलतात आणि भरल्या गुऱ्हाळात ओरडावं तसे ओरडतात, "उतरा!" मुली आधी हसायच्या, आता हसत नाहीत. शालू फडक्यानं पातेलं धरते आणि खाली उतरवून ठेवते. बऱ्याचदा दूध कोमटही झालेलं नसतं. आबा पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले, की ती ते परत स्टोव्हवर ठेवते.